ली ग्रँट : एक अभिनेत्री, तीन माध्यमं आणि बारा वर्षं

नटाच्या कारकिर्दीबद्दल बोलायचं म्हटलं की आपण अभिनयापासून सुरुवात करतो. कुणाकडे शिकला, कोणती भूमिका गाजली, किती पारितोषिकं मिळाली वगैरे. आज आपण जरा वेगळ्या बाजूने आत शिरणार आहोत. आजची अभिनेत्री आहे अमेरिकेची ली ग्रँट. तिने नाटक, सिनेमा आणि टेलिव्हिजन या तिन्ही ठिकाणी काम केलं, तिन्ही ठिकाणी नाव मिळवलं. पण तिची कारकीर्द समजून घ्यायची असेल तर आधी एक रोकडा प्रश्न विचारावा लागतो : या तीन माध्यमांमध्ये नटाच्या कामाचे पैसे नेमके कोण मोजतं, आणि तो पैसे मोजणारा कुणाला घाबरतो?

हा प्रश्न का, ते तिच्या चित्रपटांची यादी बघितली की कळतं. १९५१ साली तिचा पहिला सिनेमा आला आणि पहिल्याच सिनेमासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. त्यानंतर प्रतिष्ठेच्या मोठ्या सिनेमात ती दिसते थेट १९६७ साली. मध्ये सोळा वर्षं. एवढी चांगली सुरुवात झालेली अभिनेत्री सोळा वर्षं गेली कुठे? तर ती न्यूयॉर्कमध्येच होती आणि बराच काळ रंगभूमीवर कामही करत होती. सिनेमा आणि टेलिव्हिजनची दारं मात्र साधारण १९५२ ते १९६४ अशी बारा वर्षं तिच्यासाठी जवळजवळ बंद होती. एकाच बाईला एकाच काळात एका माध्यमात काम मिळतं आणि उरलेल्या दोघांत मिळत नाही, हे कोडं आज आपल्याला सोडवायचं आहे.

सुरुवातीपासून बघू. ली ग्रँट हे तिचं रंगभूमीवरचं नाव. मूळ नाव ल्योव्हा हॅस्केल रोझेंथाल. न्यूयॉर्कमधल्या ज्यू कुटुंबात, १९२०च्या दशकात तिचा जन्म झाला. नेमकं साल वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं सापडतं, त्याबद्दल पुढे बोलूच. अगदी लहानपणी ती मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर दिसली. बॅले शिकली. पुढे नेबरहूड प्लेहाउस या संस्थेत सॅनफर्ड माइसनरच्या हाताखाली तिने अभिनयाचं शिक्षण घेतलं. माइसनरची शिकवण थोडक्यात अशी, की समोरचा नट काय करतोय ते खरोखर बघा, ऐका, आणि त्यातून येईल तेच करा. ही शिकवण लक्षात ठेवा, कारण ग्रँटच्या पहिल्या मोठ्या भूमिकेत तीच दिसते.

ती भूमिका होती १९४९ साली ब्रॉडवेवर आलेल्या सिडनी किंग्जलीच्या ‘डिटेक्टिव्ह स्टोरी’ या नाटकातली. सगळं नाटक एका पोलीस ठाण्यात, एका दिवसात घडतं. ग्रँटची भूमिका दुकानातून पर्स चोरताना पकडल्या गेलेल्या एका मुलीची. नाटकात तिला नावसुद्धा नाही. ही मुलगी ठाण्यात बसून राहते, आजूबाजूला चाललेलं बघत राहते, मध्येच भाबडेपणाने काहीतरी बोलते. वाक्यं थोडी, पण प्रेक्षकाचं लक्ष वारंवार तिच्याकडे जातं. १९५१ साली विल्यम वायलरने याच नाटकावर सिनेमा केला, कर्क डग्लस नायक होता, आणि चोर मुलीच्या भूमिकेसाठी पुन्हा ग्रँटलाच घेतलं. सहाय्यक अभिनेत्री म्हणून ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि १९५२ साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिकही. पंचविशीच्या आसपासच्या मुलीला आणखी काय हवं?

आता इथे गोष्ट वळते. जे. एडवर्ड ब्रॉमबर्ग नावाचा एक नट होता. ग्रुप थिएटर या नामवंत नाटकमंडळीतला, सिनेमातही चरित्र भूमिका करणारा. त्याला हृदयाचा विकार होता. अमेरिकी प्रतिनिधीगृहाची एक समिती होती, देशविरोधी कारवायांची चौकशी करणारी. आपण तिला पुढे नुसतं ‘समिती’ म्हणू. या समितीने ब्रॉमबर्गला १९५१ साली साक्षीला बोलावलं. कम्युनिस्ट पक्षात कोण कोण होतं ते सांगा, अशी मागणी. त्याने सहकार्य केलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनमध्ये तो वारला. वय ४७. न्यूयॉर्कमध्ये त्याची शोकसभा झाली, आणि तिथे ली ग्रँट बोलली. समितीच्या छळामुळे त्याचा मृत्यू लवकर ओढवला असं आपल्याला वाटतं, असा तिच्या बोलण्याचा आशय होता.

एवढंच. ती स्वतः पक्षाची सभासद नव्हती. पण तिचा नवरा, पटकथालेखक आर्नल्ड मॅनॉफ, कम्युनिस्ट होता आणि त्याचं नाव आधीच काळ्या यादीत होतं. शोकसभेतल्या भाषणानंतर तिचंही नाव याद्यांमध्ये आलं. पुढे तिने नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला नकार दिला, आणि नाव याद्यांमध्ये राहिलं.

काळी यादी म्हणजे नेमकं काय, हे इथे नीट समजून घेऊ. पुष्कळांचा समज असतो की सरकारने हुकूम काढला, अमक्याला काम देऊ नका म्हणून. तसा कोणताही कायदा नव्हता. १९४७ साली हॉलिवूडमधले दहा जण, बहुतेक पटकथालेखक, समितीसमोर उत्तरं द्यायला नकार देऊन बसले. प्रतिनिधीगृहाने त्यांच्यावर अवमानाचा ठपका ठेवला. लगेच स्टुडिओंचे प्रमुख न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जमले आणि त्यांनी निवेदन काढलं : या दहांना कामावर ठेवणार नाही, आणि यापुढे जाणूनबुजून कुणा कम्युनिस्टाला काम देणार नाही. म्हणजे निर्णय सरकारचा नव्हता, मालकांचा होता. स्टुडिओंवर बँकांचा आणि भागधारकांचा पैसा लागलेला, चित्रपटगृहांसमोर निदर्शनं होतील ही भीती. मूठभर मोठे स्टुडिओ एकत्र आले की सगळा धंदा बंद होतो. एका स्टुडिओने नाकारलं म्हणून दुसऱ्याकडे जावं, तर दुसऱ्याचीही सही त्याच निवेदनावर.

टेलिव्हिजनची तऱ्हा याहून वेगळी, आणि जास्त नाजूक. तेव्हाच्या अमेरिकी टेलिव्हिजनवर पुष्कळसे कार्यक्रम प्रायोजक कंपनीच्याच ताब्यात असत. कार्यक्रमाच्या नावातच कंपनीचं नाव : क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर, फिल्को टेलिव्हिजन प्लेहाउस. नट कोण घ्यायचा यात कंपनीच्या जाहिरात संस्थेचा शब्द चालायचा. आणि साबण किंवा चीज विकणाऱ्या कंपनीला काय हवं असतं? कुणीही गिऱ्हाईक रागावू नये. जून १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची एक पुस्तिका निघाली. तिच्यात रेडिओ आणि टेलिव्हिजनशी संबंधित १५१ जणांची नावं होती, आणि प्रत्येकापुढे त्याने कोणत्या सभेला हजेरी लावली, कोणत्या पत्रकावर सही केली याची जंत्री. पुस्तिका खाजगी लोकांनी काढलेली. पण दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, जीन म्यूर या अभिनेत्रीला ‘द ऑल्ड्रिच फॅमिली’ या मालिकेतून प्रायोजक जनरल फूड्स कंपनीने काढलं. कारण एवढंच की पुस्तिकेत तिचं नाव होतं. ‘द गोल्डबर्ग्ज’ या लोकप्रिय मालिकेतला फिलिप लोब असाच बाहेर पडला. १९५५ साली त्याने आत्महत्या केली.

पुढे याचा चक्क व्यवसाय झाला. व्हिन्सेंट हार्टनेट नावाचे गृहस्थ फी घेऊन कंपन्यांना एखादं नाव ‘स्वच्छ’ आहे की नाही ते सांगायचे. सिरॅक्यूज शहरात लॉरेन्स जॉन्सन नावाचा सुपरमार्केटचा मालक होता. तो प्रायोजकांना कळवायचा की तुमच्या कार्यक्रमात अमका नट दिसला तर तुमच्या मालाशेजारी मी तशी पाटी लावीन. एका शहरातल्या एका दुकानदाराच्या धमकीने न्यूयॉर्कमधल्या नटाचं काम जायचं. नटाला कारण कुणी सांगायचं नाही. फोन येईनासा व्हायचा, बस. दाद मागायची तर कुणाकडे? हुकूमच निघालेला नाही, तर अपील कशावर करणार?

मग रंगभूमीवर हे का चाललं नाही? तिथले लोक जास्त शूर होते म्हणून? काही होतेही. पण मुख्य कारण पैशाच्या रचनेत आहे. ब्रॉडवेवर प्रत्येक नाटक हा स्वतंत्र व्यवहार असतो. निर्माता त्या एका नाटकापुरते पैसे गोळा करतो, थोडे थोडे, अनेक माणसांकडून. प्रायोजक नाही. सगळ्यांना बांधून ठेवणारं निवेदन नाही. प्रेक्षक तिकीट काढून येतो, आवडलं तर दुसऱ्याला सांगतो. एका निर्मात्याने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जाता येतं. दुसरी गोष्ट कामगार संघटनांची. रंगभूमीवरच्या नटांची संघटना अ‍ॅक्टर्स इक्विटी हिने १९५१ साली काळ्या यादीच्या विरोधात ठराव केला. उलट सिनेनटांच्या संघटनेने १९५३ मध्ये नव्या सभासदांना निष्ठेची शपथ लागू केली, आणि रेडिओ-टेलिव्हिजनच्या संघटनेने १९५५ मध्ये समितीला सहकार्य न करणाऱ्या सभासदावर कारवाईची तरतूद केली. मालक घाबरलेला आणि संघटनाही पाठीशी नाही, अशा ठिकाणी एकटा नट काय करणार?

म्हणून ती बारा वर्षं ग्रँट नाटकात दिसते. १९५४ मध्ये ‘वेडिंग ब्रेकफास्ट’, १९५७ मध्ये ‘अ होल इन द हेड’, १९५९ मध्ये ‘टू फॉर द सीसॉ’. या शेवटच्या नाटकात अ‍ॅन बॅनक्रॉफ्टने गाजवलेली भूमिका तिने पुढे केली. न्यूयॉर्कमधल्या एचबी स्टुडिओत ती अभिनय शिकवायची. बंदी अगदी हवाबंद नव्हती, हेही सांगायला हवं. १९५३-५४ मध्ये ‘सर्च फॉर टुमॉरो’ या दुपारच्या मालिकेत ती होती, १९५५ मध्ये ‘स्टॉर्म फिअर’सारखा एखादा स्वतंत्र निर्मात्याचा सिनेमाही झाला. कुठे फट राहिली तर काम मिळायचं. पण फटीतून आलेल्या कामावर कारकीर्द उभी राहत नाही. ‘अ होल इन द हेड’वर १९५९ मध्ये सिनेमा झाला, त्यात तिची भूमिका एलनर पार्करने केली. ‘टू फॉर द सीसॉ’चा सिनेमा १९६२ मध्ये आला, नायिका शर्ली मॅक्लेन. काळी यादी नसती तर या भूमिका ग्रँटलाच मिळाल्या असत्या असं आपण म्हणू शकत नाही, कारण नाटकातले नट सिनेमात बदलणं ही हॉलिवूडची नेहमीचीच पद्धत. पण तिचं नाव विचारात तरी घेतलं जाईल, एवढीही शक्यता उरली नव्हती.

घरात काय चाललं होतं बघा. नवरा आर्नल्ड मॅनॉफ टेलिव्हिजनसाठी लिहायचा, पण दुसऱ्याच्या नावावर. तो, वॉल्टर बर्नस्टीन आणि एब्रहॅम पोलोन्स्की हे यादीतले तिघे सीबीएस वाहिनीवरच्या ‘यू आर देअर’ या ऐतिहासिक मालिकेचे भाग लिहीत, आणि लेखक म्हणून पडद्यावर भलत्याचंच नाव जाई. लेखकाला ही पळवाट होती. अभिनेत्रीला नव्हती. संहितेवर दुसऱ्याचं नाव घालता येतं, चेहऱ्यावर कसं घालणार? काळ्या यादीबद्दल बोलताना आपण लेखकांच्या कथा जास्त ऐकतो, कारण त्यांची लपून केलेली कामं पुढे उघड झाली, काहींना त्यांचं श्रेयही परत मिळालं. १९६० साली डाल्टन ट्रंबोचं नाव ‘स्पार्टाकस’ आणि ‘एक्सोडस’ या सिनेमांवर उघडपणे आलं. नटांना असं काही परत देता येत नाही. जी भूमिका केलीच नाही, तिचं श्रेय कुणाला आणि कसलं देणार?

ही यादी मोडली कशी? हळूहळू, आणि मुख्यतः पैशाच्याच बाजूने. जॉन हेन्री फॉक नावाचा रेडिओवरचा निवेदक होता. नोकरी गेल्यावर त्याने हार्टनेट, जॉन्सन आणि त्यांच्या ‘अवेअर’ या संस्थेवर बदनामीचा दावा लावला. या खटल्यात फॉकच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांमध्ये किम हंटर होती. ही तीच अभिनेत्री, जिने १९५२ साली ली ग्रँटला मागे टाकून सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर जिंकलं होतं, आणि नंतर तिलाही काळ्या यादीचा फटका बसला होता. १९६२ मध्ये ज्युरीने फॉकला ३५ लाख डॉलर भरपाई द्यायचा निकाल दिला. अपिलात ती रक्कम साडेपाच लाखांवर आली, पण सांगायचं ते सांगून झालं होतं : आता नाव यादीत घालणंही महाग पडू शकतं. प्रायोजकांचा जोरही कमी होत होता. एका कार्यक्रमाचा एकच मालक-प्रायोजक ही पद्धत मागे पडून अनेक कंपन्या थोडा थोडा वेळ विकत घेऊ लागल्या. अशा वेळी एकाला धमकावून फारसा उपयोग होत नाही.

१९६४ साली ग्रँटला झां जने याच्या ‘द मेड्स’ या नाटकासाठी ओबी पारितोषिक मिळालं, आणि त्याच वर्षी तिने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये जोसेफ पॅपच्या खुल्या रंगमंचावर ‘इलेक्ट्रा’ केली. नंतर टेलिव्हिजनचं दार उघडलं. एबीसी वाहिनीवरच्या ‘पेटन प्लेस’ या मालिकेत तिने स्टेला चेर्नाकची भूमिका केली आणि १९६६ मध्ये एमी पारितोषिक मिळवलं. पुढच्याच वर्षी नॉर्मन ज्यूइसनचा ‘इन द हीट ऑफ द नाइट’. त्यात खून झालेल्या उद्योगपतीची बायको ती झाली आहे. सिडनी पॉइटिए तिला नवरा गेल्याची बातमी सांगतो, तो प्रसंग जरूर बघा. फार बोलणं नाही. बातमी अंगात कशी उतरते ते ती दाखवते. मघाशी ज्या शिकवणीचा उल्लेख केला ती इथे पूर्ण पिकलेली दिसते.

पण परत आली ती कोणत्या भूमिकांत, हेही बघितलं पाहिजे. १९७० मध्ये हॅल अ‍ॅशबीच्या ‘द लँडलॉर्ड’मध्ये ती बो ब्रिजेसची आई झाली. बो ब्रिजेस तिच्याहून साधारण पंधरा वर्षांनी लहान. भूमिका विनोदी, तिने ती सुंदर केली, ऑस्करचं नामांकनही मिळालं. तरी हिशोब साधा आहे. सिनेमात नायिकेच्या भूमिका मिळण्याची जी वर्षं असतात तीच यादीने खाल्ली. ती गेली तेव्हा तरुण मुलगी होती, परत आली तेव्हा आईच्या भूमिका वाट बघत होत्या. पुरुष नटाला चाळिशीनंतरही नायक होता येत होतं. जन्मसालाचा गोंधळ इथे समजतो. या धंद्यात बाईच्या वयाला किती किंमत मोजावी लागते हे जिने बारा वर्षं गमावून अनुभवलं, तिला वय लपवावंसं वाटलं तर नवल नाही.

१९७० ते ७६ हा तिचा बहराचा काळ. १९७१ मध्ये एमीच्या एकाच विभागात तिला दोन नामांकनं होती : एक ‘कोलंबो’च्या ‘रॅन्सम फॉर अ डेड मॅन’साठी, दुसरं ‘द निऑन सीलिंग’साठी. दुसऱ्याला पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी ‘कोलंबो’मधल्याच पीटर फॉकबरोबर तिने ब्रॉडवेवर नील सायमनचं ‘द प्रिझनर ऑफ सेकंड अ‍ॅव्हेन्यू’ केलं. १९७५ मध्ये अ‍ॅशबीचाच ‘शाम्पू’ आला, आणि त्यातल्या श्रीमंत, बेचैन फेलिशियाच्या भूमिकेसाठी १९७६ च्या वसंतात तिला ऑस्कर मिळालं. पहिल्या नामांकनानंतर चोवीस वर्षांनी. गंमत बघा, ‘शाम्पू’च्याच वर्षी एनबीसी वाहिनीने तिला ‘फे’ ही विनोदी मालिका दिली होती, चाळिशीतल्या घटस्फोटित बाईची. ती संध्याकाळच्या कौटुंबिक वेळेत लावली आणि थोड्याच भागांनंतर बंद केली. काळी यादी संपली होती, पण कुणी नाराज होऊ नये ही टेलिव्हिजनची भीती शाबूत होती.

१९७६ च्या ‘व्हॉयेज ऑफ द डॅम्ड’साठी तिला चौथं नामांकन मिळालं. १९३९ साली नाझी जर्मनीतून ज्यू निर्वासितांना घेऊन निघालेल्या आणि क्यूबा, अमेरिका दोघांनीही उतरू न दिलेल्या ‘सेंट लुइस’ जहाजाची ती कथा. त्यानंतर ती दिग्दर्शनाकडे वळली. १९८० मध्ये ‘टेल मी अ रिडल’ हा कथापट. १९८१ मध्ये ‘द विल्मार एट’ हा माहितीपट, मिनेसोटातल्या एका छोट्या गावात बँकेच्या आठ महिला कर्मचाऱ्यांनी १९७७ च्या डिसेंबरच्या थंडीत सुरू केलेल्या संपाबद्दल. १९८६ मध्ये ‘डाउन अँड आउट इन अमेरिका’, शेती गेलेले शेतकरी, नोकरी गेलेले कामगार, बेघर कुटुंबं यांच्यावरचा. या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. तो दाखवला एचबीओ या वाहिनीने. एचबीओ जाहिरातींवर नाही, वर्गणीवर चालायची. साबणवाल्याची परवानगी घ्यायची गरज नव्हती. आपला सुरुवातीचा प्रश्न इथेही लागू पडतो.

तेव्हा समारोप करताना एवढंच सांगू. ली ग्रँटची गुणवत्ता १९५१ मध्ये होती तीच १९५५ मध्ये होती, तीच १९६६ मध्ये. तिच्या कामाचे पैसे देणारा कोण, तो एकटा की अनेक, आणि त्याला कशाची भीती, यावर दारं उघडत-मिटत गेली. जिथे पैसा अनेक हातांत विखुरलेला होता आणि संघटना पाठीशी होती तिथे ती टिकली. पुढच्या वेळी एखाद्या नटाच्या कामांची यादी वाचाल तेव्हा मधली रिकामी वर्षंही मोजून बघा, आणि ती रिकामी का राहिली ते विचारा. दरम्यान ‘डिटेक्टिव्ह स्टोरी’ आणि ‘इन द हीट ऑफ द नाइट’ हे दोन सिनेमे पाठोपाठ बघा. मधल्या सोळा वर्षांत काय गेलं आणि काय टिकलं, ते आमच्या सांगण्यापेक्षा तिच्या चेहऱ्यावर जास्त नीट दिसेल. इथे थांबू.